स्पंदरचना आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : पडताळा व उलगडा

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५१ साली जे. टी. आर्नल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि एम. ई. पॅकर्ड या तिघा संशोधकांनी एथिल अल्कोहोलचा नमुना चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून त्यावर रेडिओतरंगांचा प्रयोग केला. त्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे एकाच कंप्रतेला नव्हे, तर परस्परांजवळच्या तीन निरनिराळ्या कंप्रतांना प्रतिसाद देतात, असे त्यांस आढळून आले. तीन शिखरांची क्षेत्रफळे ३ : २ : १ या प्रमाणात होती, आणि अल्कोहोलच्या रेणूतही तीन हायड्रोजन एका कार्बनाशी, दोन दुसऱ्या कार्बनाशी व एक ऑक्सिजनाशी जोडलेला असतो. अणुकेंद्र तेच, परंतु शेजार बदलला की त्याची कंप्रता किंचित सरकते. मराठीतील 'च' हा 'चिंच' या शब्दात एका प्रकारे आणि 'चूल' या शब्दात दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो, आणि तो फरक बव्हंशी पुढील स्वराने घडविलेला असतो. ज्याचा कान तयार आहे त्याला उच्चारावरून शेजार ओळखता येतो. चुंबकीय अनुस्पंदनाचे वर्णपटविज्ञान हे या अर्थाने रेणूंचे ध्वनिशास्त्रच होय. हेच धर्मट्टी पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाच्या संशोधनाचा पाया त्यांनी तेथे घातला.

त्यानंतरच्या काळात चुंबक बदलले, ग्राहकयंत्रे बदलली, आणि सलग तरंगांची जागा रेडिओतरंगांच्या क्षणिक आघातांनी, म्हणजे स्पंदांनी, घेतली. प्रयोगशाळांतून त्यांना 'पल्स' असेच म्हणतात. या स्पंदांची रचना दीर्घकाळ माणसाच्या हाती होती. आता ती क्रमाक्रमाने यंत्राकडे जात आहे. या स्थित्यंतरात अभ्यासकाच्या हाती काय आले आणि त्याच्या हातून काय निसटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. प्रश्न वरकरणी पदार्थविज्ञानाचा असला तरी भाषेच्या अभ्यासकांनी तो परका मानू नये. यंत्राला शिकवून तयार करण्याच्या याच पद्धती आज भाषेवरही चालविल्या जात आहेत, आणि दोन्हीकडे त्यांची स्थिती सारखी नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम अनुस्पंदन म्हणजे काय ते पाहावे. भिवंडी तालुक्यातील अंजूरसारख्या गावी एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर झोपाळा टांगलेला असतो. त्याला त्याची स्वतःची लय असते. त्या लयीशी जुळवून हलके झोके दिले तर तो उंच जातो, आणि लय चुकवून कितीही जोर केला तरी तो अडखळतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले प्रोटॉनाचे केंद्र असेच एका ठराविक लयीने क्षेत्राभोवती फिरत असते. क्षेत्र १ टेस्ला असेल तर ही लय सेकंदास सुमारे ४ कोटी २६ लक्ष आवर्तनांची असते, ११.७ टेस्लाच्या चुंबकात ती ५० कोटींवर जाते. त्या लयीचा रेडिओतरंग काही काळ सोडला की केंद्रांचे एकत्रित चुंबकन आपल्या मूळ दिशेपासून ढळते. किती ढळावे हे आघाताच्या जोरावर आणि त्याच्या कालावधीवर अवलंबून असते. चुंबकन काटकोनातून वळविणाऱ्या आघाताला ९०° चा स्पंद आणि पूर्ण उलटे करणाऱ्याला १८०° चा स्पंद म्हणतात. तरंग कोणत्या क्षणी सुरू होतो, म्हणजे त्याची कला कोणती, यावरून चुंबकन कोणत्या अक्षाभोवती वळणार हे ठरते.

एवढ्यावर काम भागले असते तर स्पंदरचना हे वेगळे शास्त्र झालेच नसते. अडचण अशी की, या प्रयोगात पदरी पडणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. नेहमीच्या तापमानास ११.७ टेस्लाच्या क्षेत्रातदेखील अनुकूल दिशेला असलेल्या प्रोटॉनांची संख्या प्रतिकूल दिशेला असलेल्यांपेक्षा एक लाखात अवघ्या चारांनी अधिक असते. उरलेले सर्व एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात, आणि सारे वर्णपटविज्ञान त्या चारांच्या बळावर उभे असते. त्यातले काही स्पंदाच्या दोषामुळे वाया जाणे परवडत नाही. आणि दोष तर ठायी ठायी आहेत. नमुन्याभोवतीच्या वेटोळ्यातून निघणारे रेडिओक्षेत्र सर्वत्र सारखे नसते. मध्ये ते पुरेसे असले तर कडेला उणे पडते. दुसरा दोष पल्ल्याचा. ज्या यंत्रावर प्रोटॉनाची कंप्रता ८० कोटी आहे त्यावर कार्बनची केंद्रे सुमारे ४० हजार आवर्तनांच्या पट्ट्यात विखुरलेली असतात. मध्यभागी नेमका बसणारा साधा स्पंद त्या पट्ट्याच्या टोकांवरील केंद्रांना अर्धवटच वळवितो. जोर वाढवावा तर नमुना तापतो, आणि नमुन्याच्या जागी माणूस असेल तर ती मर्यादा ओलांडता येत नाही.

माणसाचा उल्लेख आला तो सहज नव्हे. मेंदूच्या एखाद्या भागाचा वर्णपट घेऊन त्यातील कोलीनयुक्त द्रव्यांचे शिखर आणि एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट या द्रव्याचे शिखर यांची तुलना करण्याची पद्धत रुग्णालयांतून रूढ आहे. पहिले वाढले आणि दुसरे घटले तर वैद्याच्या मनात अर्बुदाचा संशय येतो. ३ टेस्लाच्या यंत्रावर या दोन शिखरांत सुमारे १५० आवर्तनांचे अंतर असते. मेंदूतील २० मिलिमीटर लांबीरुंदीचा घन २ हजार आवर्तनांचा पल्ला असलेल्या स्पंदांनी निवडला, तर कोलीनचा म्हणून जो घन निवडला गेला तो आणि दुसऱ्या द्रव्याचा म्हणून जो निवडला गेला तो, हे दोन्ही प्रत्येक दिशेने सुमारे दीड मिलिमीटर एकमेकांपासून सरकलेले असतात. म्हणजे वैद्य ज्यांची तुलना करतो ती दोन द्रव्ये काटेकोरपणे एकाच जागची नसतात. शिवाय स्पंद एका द्रव्याला पुरता आणि दुसऱ्याला कमी वळवीत असेल तर ते गुणोत्तर रोगाशिवायच बदलते. स्पंदाचा दोष रोगाचे रूप घेऊ शकतो. रचनेचा प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाही तो यामुळे.

माणसाने या प्रश्नाची सोडवणूक कशी केली याचा उत्तम नमुना माल्कम लेव्हिट आणि रे फ्रीमन यांनी १९७९ साली दिला. चुंबकन उलटे करावयाचे आहे. त्यासाठी एक १८०° चा स्पंद पुरेसा आहे. त्याऐवजी त्यांनी तीन स्पंद एकापुढे एक ठेवले : क्ष-अक्षाभोवती ९०°, मग य-अक्षाभोवती १८०°, आणि पुन्हा क्ष-अक्षाभोवती ९०°. रेडिओक्षेत्र १० टक्क्यांनी उणे आहे असे धरा. साधा स्पंद चुंबकनाला १८० ऐवजी १६२ अंशांतूनच नेईल. १८ अंश कमी पडतील आणि उलटापालट सुमारे ९५ टक्के होईल. आता तीन स्पंदांचा मार्ग पाहावा. पहिला ८१ अंश नेऊन सोडतो. चुंबकन आडव्या पातळीच्या ९ अंश वरच राहते. मधला स्पंद त्याला य-अक्षाभोवती फिरवितो, आणि जे पातळीच्या वर होते ते जवळजवळ तितकेच खाली येते. म्हणजे जी उणीव होती तीच आता आघाडी झाली. तिसरा स्पंदही ८१ अंशच नेतो. परंतु प्रवास ९ अंश पुढून सुरू झाल्यामुळे तो जेथे पोहोचावयाचे तेथेच पोहोचतो. हिशेब केला तर उलटापालट सुमारे ९९.९ टक्के भरते. मधला स्पंद स्वतःही १० टक्क्यांनी उणा आहे, तरी त्याचे नुकसान नगण्य ठरते.

या रचनेकडे भाषेच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावे. तीन पदांचे हे एक वाक्य आहे. ते तोंडपाठ होते, फळ्यावर लिहिता येते, त्याचा अन्वय लावता येतो. प्रत्येक पद तेथे का आहे हे सांगता येते. आपल्याकडील सूत्रकारांनी ज्या लाघवाचा आग्रह धरला ते लाघव येथे आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याला हा अन्वय समजला त्याला ही रचना कोठे फसेल हेही न तपासता सांगता येते. मधल्या पदाची चूक नगण्य आहे तोपर्यंतच हिशेब जमतो. क्षेत्र १० ऐवजी ४० टक्क्यांनी उणे झाले तर तो जमणार नाही. उलगडा हा स्वतःची मर्यादा बरोबर घेऊन येतो.

१९८३ साली शाका, कीलर आणि फ्रीमन यांनी केलेल्या एका स्पंदमालेचे नाव तर नृत्यावरून पडले. ९०°, उलट दिशेने १८०°, पुन्हा ९०° च्या दिशेने २७०°, म्हणजे एक-दोन-तीन अशी तिची घडण असल्यामुळे रचनाकारांनी तिला 'वॉल्ट्झ' म्हटले. ज्या वस्तूला ठेक्यावरून नाव देता येते ती वस्तू अद्याप माणसाच्या आवाक्यात असते.

यंत्राचा प्रवेश मात्र लोक समजतात तितका अलीकडचा नाही. १९८७ साली फ्रीमन आणि वू शीली यांनी उत्क्रांतीच्या तत्त्वाने स्पंद शोधण्याची रीत मांडली. पुष्कळ स्पंद यदृच्छेने बनवावे, त्यांतील बरे ठेवावे, त्यांचे गुण एकमेकांत मिसळावे, थोडा बदल करावा आणि पुन्हा निवडावे. पुढे हेलन गीन आणि फ्रीमन यांनी धातू सावकाश थंड करण्याच्या क्रियेवरून सुचलेली शोधपद्धती वापरून 'बर्प' नावाने प्रसिद्ध झालेले स्पंद तयार केले. त्यांवरील त्यांचा विस्तृत निबंध १९९१ चा आहे. वर्णपटाचा नेमका एक पट्टा निवडून काढणारे हे स्पंद आजही प्रथिनांच्या अभ्यासात नित्य वापरात आहेत. ते माणसाने तर्काने काढलेले नाहीत, यंत्राने चाचपडून काढलेले आहेत. तरीही त्यांच्याविषयी कोणी तक्रार केल्याचे आढळत नाही. याचे कारण उघड आहे. स्पंदाचा आकार मूठभर साध्या तरंगांच्या बेरजेचाच असावा, हे माणसाने आधी ठरवून दिले होते, आणि यंत्राने फक्त त्या तरंगांची प्रमाणे शोधली. शोध यंत्राचा होता, परंतु शब्दसंग्रह माणसाचा होता.

ही मर्यादा सैल झाली ती २००५ साली. नवीन खनेजा, स्टेफेन ग्लासर आणि त्यांचे सहकारी यांनी 'ग्रेप' या नावाने ओळखली जाणारी पद्धती प्रसिद्ध केली. (खनेजा हे पुढे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापक झाले.) या पद्धतीत स्पंदाचा कालावधी शेकडो बारीक तुकड्यांत विभागतात, आणि प्रत्येक तुकड्यातील तरंगाचा जोर व कला स्वतंत्रपणे बदलू देतात. आकार कसा असावा याविषयी काहीही आधी ठरविलेले नसते. मग प्रत्येक तुकडा किंचित बदलल्यास अंतिम फल किती सुधारेल याचा उतार काढून त्या दिशेने सर्व तुकडे एकदम सरकवितात. हे शक्य होते ते एका सुंदर युक्तीमुळे. आरंभापासून पुढे आणि इष्ट अंतापासून मागे असा दोन्हीकडून प्रवास एकेकदा मोजून ठेवला की, मधल्या कोणत्याही तुकड्याचा परिणाम त्या दोन हिशेबांच्या गाठीवरून मिळतो. प्रत्येक तुकड्यासाठी सर्व गणित नव्याने करावे लागत नाही.

नक्षीदार कापड विणणाऱ्या मागाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अंजूर ज्या तालुक्यात आहे तो भिवंडी तालुका यंत्रमागांसाठी महाराष्ट्रभर परिचित आहे. जेकार्डच्या मागावर ताण्याचे कोणते धागे केव्हा उचलावयाचे हे भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेवरून ठरते. ग्रेपने दिलेला स्पंद हा अशाच माळेसारखा असतो : प्रत्येक ओळीत जोराचा एक आकडा आणि कलेचा एक आकडा, अशा शेकडो ओळी. फरक इतकाच की, कार्डांची माळ पाहून कापडावर फूल उमटेल की वेल, हे जाणत्याला निदान ताडता तरी येते. या स्पंदाच्या माळेवरून काय उमटणार हे ती चालवून पाहिल्यावाचून कोणालाही सांगता येत नाही.

उताराच्या दिशेने चढत जाण्याच्या पद्धतीत एक जुनाच धोका आहे. धुक्यात कळसूबाई चढणारा माणूस प्रत्येक पाऊल वरच टाकीत गेला तरी एखाद्या लहान टेकडीच्या माथ्यावर थांबून हेच शिखर असे समजू शकतो. दुसरी अडचण वेळेची. अणुकेंद्रांची संख्या एकेकाने वाढली की गणिताचा पसारा दुपटीहून अधिक वाढत जातो. या दोन्ही अडचणींवर महाराष्ट्रातच लक्षणीय काम झालेले आहे. पुण्यास पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत टी. एस. महेश आणि त्यांचे सहकारी चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रावर क्वांटम गणनेचे प्रयोग करतात; अणुकेंद्र हा तेथे गणकाचा अंक आणि स्पंद ही त्यावरील क्रिया. गौरव भोळे, व्ही. एस. अंजुषा आणि महेश यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत तरंग एक तर पूर्ण जोराने चालू असतो, नाही तर बंद. मधली पायरी नाही. या एका निर्बंधाने गणित पुष्कळ सोपे होते. शब्दसंग्रह आवळण्याचाच हा प्रकार होय, आणि तो आवळूनही इष्ट क्रिया साधते ही गोष्ट बोधप्रद आहे.

त्यांच्याच गटातील प्रिया बत्रा, एम. हर्षांत राम आणि महेश यांनी २०२२ च्या सुमारास एक निराळी कल्पना मांडली. ती मुळात दुकानदारीच्या क्षेत्रातून आलेली आहे. एखाद्या ग्रंथालयात वाचकांनी वाचलेल्या पुस्तकांना गुण दिले आहेत अशी कल्पना करावी. वाचकांच्या ओळी आणि पुस्तकांचे स्तंभ असा तक्ता मांडला तर त्यातील बहुतेक घरे रिकामी असतील, कारण कोणीही सर्व पुस्तके वाचलेली नसतात. तरीही रिकामे घर भरता येते. कारण वाचकांच्या आवडी शेकडो प्रकारच्या नसून थोड्याच प्रकारच्या असतात, आणि भरलेल्या घरांवरून त्या प्रकारांचा अंदाज येतो. ग्राहकाला पुढचे पुस्तक सुचविणारी यंत्रणा हेच करते. पुण्याच्या संशोधकांनी असा तक्ता स्पंदांच्या उतारांचा वा यशाच्या मापांचा केला. काही घरे प्रत्यक्ष गणिताने भरावयाची, उरलेली यंत्राने ताडावयाची. याप्रमाणे त्यांनी ग्रेपचा वेग वाढविला आणि आठ क्वांटम अंकांपर्यंत तो पडताळून पाहिला. त्याचप्रमाणे टेकडीवर अडकू नये म्हणून यदृच्छेची जोड दिलेल्या संमिश्र पद्धतीलाही हीच युक्ती लावली.

येथे एका शब्दाविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. उत्क्रांतीच्या धर्तीचा शोध, उताराने चढणे, रिकामी घरे ताडणे आणि अनुभवातून शिकणे या चार गोष्टी एकमेकींहून भिन्न आहेत. सांप्रत या सर्वांना 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे एकच नाव सरसकट दिले जाते. त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, यंत्राने विचार करून स्पंद सुचविला. उतार मोजण्यात बुद्धिमत्ता नाही, चिकाटी आहे. परिभाषा करणाऱ्यांनी निदान 'शोध' आणि 'शिक्षण' हे दोन भेद तरी राखावयास हवे होते. परंतु शब्द एकदा बाजारात गेला की तो परत आणता येत नाही, हा अनुभव भाषाशास्त्राला नवा नाही.

'शिक्षण' हे नाव ज्याला खऱ्या अर्थाने देता येईल असे काम २०२१ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी 'डीपआरएफ' या नावाने प्रसिद्ध केले. त्यात यंत्रातील जालक स्वतःच स्पंद रचते, संगणकातील प्रतिरूप प्रयोगात तो चालवून पाहते, जमला तर बक्षीस आणि न जमला तर दंड अशा रीतीने आपली सवय सुधारते, आणि अशा असंख्य खेळ्यांनंतर निवडलेले स्पंद शेवटी उताराच्या पद्धतीने घासून पुसून घेतले जातात. प्रतिमांकनासाठी लागणारे हे स्पंद रूढ स्पंदांइतकेच काम कमी ऊर्जेत करतात, म्हणजे रुग्णाच्या शरीरात कमी उष्णता सोडतात. परंतु या निबंधातील सर्वांत विचारार्ह विधान दुसरेच आहे. हे स्पंद चुंबकनाला ज्या मार्गाने नेतात तो प्रचलित सिद्धांताच्या आधारे समजावून सांगणे कठीण आहे, असे त्या संशोधकांनीच नमूद केले आहे. पुढच्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठात व्ही. एस. मनू, ज्यांनी पूर्वी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनिल कुमार यांच्याबरोबर याच शोधपद्धतीवर काम केले होते, आणि जियानलुइजी व्हेलिया यांच्या गटाने उत्क्रांतीचा शोध व यंत्रशिक्षण यांची सांगड घालून वर्णपटविज्ञान, प्रतिमांकन आणि क्वांटम गणना या तिन्हींसाठी, क्षेत्राच्या विषमतेला न जुमानणारे स्पंद प्रसिद्ध केले.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : जो स्पंद वाचता येत नाही त्यावर विश्वास कसा ठेवावयाचा?

पदार्थविज्ञानाचे उत्तर सरळ आहे, आणि ते हलके मानता येणार नाही. चुंबकनाची गती कशी होते हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९४६ साली समीकरणांत मांडून ठेवले आहे. स्पंद माणसाचा असो, यंत्राचा असो की फासे टाकून मिळालेला असो, त्याचे आकडे त्या समीकरणात घातले की परिणाम निश्चितपणे निघतो. दोनशे कंप्रता आणि क्षेत्राची वीस मापे घेतली तर चार हजार वेळा हिशेब करावा लागेल. साध्या संगणकाला तो काही क्षणांचा आहे. म्हणजे या क्षेत्रात उलगडा नसला तरी पडताळा आहे. उत्तर कसे सुचले हे न कळता ते बरोबर आहे हे सिद्ध करता येते. भाषेच्या क्षेत्रात नेमके हेच नाही. यंत्राने रचलेले मराठी वाक्य बरोबर आहे की नाही हे ठरविणारे ब्लॉखचे समीकरण भाषाशास्त्राजवळ नाही. तेथे पडताळा म्हणजे अखेर भाषकाचा कौल. दोन्ही ठिकाणच्या यंत्रांना एकाच नावाने हाक मारली जाते म्हणून त्यांवरील विश्वासही एकाच मापाने मोजावा, असे ठरत नाही. वर्णपटविज्ञानातील यशाचा दाखला देऊन भाषायंत्रांची भलावण करणारे, आणि भाषायंत्रांच्या चुका दाखवून स्पंदयंत्रांवर संशय घेणारे, असे दोघेही हा भेद विसरतात.

तथापि पडताळ्यालाही एक मर्यादा आहे, आणि ती उलगड्याच्या अभावीच जाणवते. पडताळा फक्त विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर देतो. दोनशे कंप्रतांवर तपासलेला स्पंद दोनशे एकाव्या कंप्रतेवर कसा वागेल हे तपासणीत येत नाही. नियमित आकाराचा स्पंद असेल तर मधल्या जागी तो मधलेच वर्तन करील असे धरता येते, परंतु क्षणाक्षणाला कला बदलणाऱ्या स्पंदाविषयी असे गृहीत धरणे धाडसाचे ठरते. तपासणीतले नमुने दाट करणे हा त्यावरील उपाय होय आणि तो साध्य आहे. अधिक बिकट गोष्ट अशी की, समीकरणात जे घातलेच नाही त्याविषयी पडताळा मौन पाळतो. विवर्धक यंत्र जोराचा आकडा एका क्षणात बदलू शकत नाही. वेटोळ्याला चढण्या-उतरण्यास वेळ लागतो. त्यामुळे कागदावरचा स्पंद आणि नमुन्यापर्यंत पोहोचणारा स्पंद यांत अंतर पडते. लांब स्पंदाच्या कालावधीत केंद्रांचे चुंबकन शिथिल होत असते. शेजारची केंद्रे एकमेकांवर प्रभाव टाकीत असतात. यांपैकी जे गणितात धरले गेले नसेल तेथे यंत्राने केलेला नाजूक समतोल ढळतो. आणि तो कोणत्या बाजूला ढळेल हे सांगण्यासाठी जो उलगडा हवा तो हाती नसतो. लेव्हिट-फ्रीमनच्या तीन पदांबाबत तो होता. मेंदूच्या वर्णपटातील दोन शिखरांचे गुणोत्तर पाहणाऱ्या वैद्याला स्पंद कोणी रचला हे ठाऊकही नसते. त्याच्या दृष्टीने हा भेद सूक्ष्म नव्हे.

यावर यंत्राला हद्दपार करणे हा उपाय नव्हे. कमी उष्णतेत तेच काम करणारा स्पंद केवळ दुर्बोध आहे म्हणून टाकून देणे हे रुग्णाच्या दृष्टीने अन्यायाचे होईल. वर आलेल्या दोन उदाहरणांत मात्र एक मार्ग सूचित झालेला आहे. बर्पमध्ये तरंगांची संख्या आधीच मर्यादित केली होती. पुण्याच्या चालू-बंद रीतीत जोराच्या पायऱ्या काढून टाकल्या होत्या. दोन्ही ठिकाणी शोध यंत्राने केला, आणि रचना कोणत्या पदांत लिहावयाची हे माणसाने ठरविले. स्पंद आपल्या मध्याभोवती समरूप असावा, कला ठराविक मूल्यांतूनच बदलावी, आकार थोड्या पदांत मांडता यावा, अशा अटी यंत्रावर घातल्या तर यशात थोडी घट होते. तशी घट किती आणि तिच्या बदल्यात अन्वय कितपत लागतो, हे प्रत्येक कामासाठी मोजून पाहण्याजोगे आहे, आणि ते मोजण्यास मोठ्या चुंबकाची गरज नाही; ब्लॉखची समीकरणे आणि एक संगणक पुरेसा आहे.

दुसरे काम उलट्या दिशेने करावयाचे आहे. सोलच्या संशोधकांनी आपल्या स्पंदांत चुंबकनाचा मार्ग अपरिचित आहे असे लिहिले, ते तो मार्ग रेखून पाहिल्यामुळे. निरनिराळ्या कंप्रतांच्या केंद्रांचे मार्ग गोलावर काढले की कोठे ते एकत्र येतात, कोठे फाकतात, आणि कोणता तुकडा काढून टाकला असता काहीच बिघडत नाही, हे दिसू लागते. अज्ञात लिपीचे वाचन ज्या रीतीने सुरू होते तीच ही रीत होय : आधी पुनरावृत्ती शोधावयाची, मग काय वगळता येते ते पाहावयाचे, अर्थाचा विचार त्यानंतर. शेकडो ओळींच्या त्या माळेत लेव्हिट-फ्रीमनच्या मधल्या पदासारखे, उणिवेचे आघाडीत रूपांतर करणारे एखादे पद विखरून पडलेले आहे काय, हे तेथूनच कळेल.